वेल नव्हे, अक्षरं

समोरच्या म्हातारीचा मला भयंकर राग यायचा. लॉकडाउनमध्ये फिरायला रोजचा एक तास मिळायचा, तो ती माझ्या परदेशातल्या, क्लेटन उपनगरातल्या घराच्या कुंपणाशी घालवायची आणि टक लावून आत बघायची. मी धाडकन पडदा ओढायचे.

तशी मी तेव्हा माशीशीही भांडले असते. पंधरा दिवसांत थीसिस दिला नाही तर व्हिसा संपत होता. विषय होता आठशे वर्षांपूर्वीच्या एका इराणी इमारतीवरची मातीची नक्षी; कोरलेली, रंगवून भाजलेली. म्युझियम बंद. हाताशी पाच तुकड्यांचे फोटो, खोलीच्या भिंतीवर चिकटवलेले. ते तुकडे मूळ इमारतीवर कुठल्या क्रमाने होते हे कळल्याशिवाय शेवटचं प्रकरण उभंच राहत नव्हतं. मी मटेरियल्सची इंजिनिअर, रंगातलं रसायन सांगेन. पण त्या वेलबुट्टीने माझ्या नाकी नऊ आणले होते.

एका दुपारी उजेडात बघावं म्हणून प्रिंट्स अंगणात मांडले. कुंपणापलीकडून आवाज आला, "बेटी, उलटा रखा है."

"आंटी, ये डिझाइन है," मी मास्कमधून फणकारले. "बेल है."

"बेल नहीं. लिखा है. दाएँ से लगाओ."

तिथूनच बोट दाखवत तिने मला पाचही तुकडे उजवीकडून लावायला लावले. काठावरची निळी रेघ पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सलग धावली.

"अमल अली बिन..." त्यांनी वाचलं. "आगे टूट गया. मतलब, अली ने बनाया."

अमल! आपल्या अंमलबजावणीतला अंमल. जन्मभर वापरलेला शब्द, आणि मी महिनाभर त्याची पानं मोजत होते. हसू आलं, रडूही आलं.

त्यांचं नाव माहगुल. अफगाणिस्तानात हेरातला शाळेत शिकवायच्या; हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या. हे फोटो माझ्या भिंतीवर त्यांना खिडकीतून दिसले होते. तेच सांगायला रोज थांबायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थीसिस वेळेत गेला. आभारात पहिलं नाव माहगुल यांचं लिहिलं. सुपरवायझरचा ईमेल आला, या कुठल्या युनिव्हर्सिटीच्या, कुठल्या डिपार्टमेंटच्या?

इंग्रजीत काय लिहावं ते सुचेना. मराठीत विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं, माझ्या बाई आहेत.