होकार कुणाचा?

वकीलसाहेबांच्या घरात हल्ली सगळं कुजबुजत चालायचं. आईच्या फुप्फुसांत गाठी निघाल्या होत्या, त्याही कर्करोगाच्या. गोळ्यांचा गुण येईना. आणि आईला काय सांगितलं होतं? जुना कफ आहे!

"अहो, आईंना सांगायला हवं," बायको म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. ऐकलं तर हाय खाईल ती."

मोठ्या इस्पितळात एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. वकीलसाहेबांनी परस्पर त्यात आईचं नाव घातलं आणि तिला तिथे नेलं. नर्स रक्त घ्यायला आली, तसा आईने हात मागे ओढला. "कफासाठी एवढं रक्त कशाला गं?"

"आई, हट्टीपणा पुरे! चारचौघांत शोभा करू नकोस!" वकीलसाहेब ओरडले. अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. आई भेदरून अंग चोरून बसली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बोलावलं. "त्यांना काहीच माहीत नाही?"

"तिच्या भल्यासाठीच..."

"त्यांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी आम्ही वेगळ्या काढणार, वाढवणार आणि त्यांनाच परत देणार. गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो. पेशी त्यांच्या, छाती त्यांची आणि होकार तुमचा? अशिलाला न विचारता तडजोड करता का हो तुम्ही?"

वकीलसाहेब आत गेले, आईजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं.

आई हळूच म्हणाली, "म्हणजे तुला माझा कंटाळा नाही आला?"

"काय?"

"मी खोलीत आले की तुम्ही बोलायचं थांबायचात. वाटलं, मला कुठेतरी नेऊन ठेवायचं चाललंय. मी बॅगसुद्धा भरून ठेवलीय, पलंगाखाली."

अरेरे! वकीलसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

आईने मात्र डॉक्टरीणबाईंना शंभर शंका विचारल्या. त्रास काय होईल? मध्येच नको वाटलं तर? सगळी उत्तरं ऐकून तिने हात पुढे केला. "घ्या रक्त. पण यापुढे काय ते आधी मला सांगायचं, मग याला!"

गाठी विरघळतील की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण मंडळी, आपल्या माणसाचा आजार त्याच्यापासून लपवताना आपण त्याला दुःखातून वाचवत नसतो. त्याला त्याच्याच घरात एकटं पाडत असतो. धीर द्यायचा असेल, तर आधी खरं सांगा!