आलुबुखाऱ्याचा पाय

साहेब लोकांच्या खाण्याला काय म्हणावं! गोड पदार्थ, आणि नाव म्हणे पाय. मोहर्लीच्या जंगल खात्याच्या बंगल्यावर नवी नवरी म्हणून आली तेव्हा हे नाव ऐकून चंदाबाई पोट धरून हसली होती. यंदाच्या हिवाळ्यात नागपूरचा शिपाई सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "मोठे साहेब उद्या बाईसाहेबांना घेऊन येतात. दुपारी जेवून पुढं जातील. मनसारामाच्या हातचा तो पाय पाहिजे म्हणाले, फेटलेला." तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही.

कारण तिच्या नवऱ्याचा तो हात आता कामाचा राहिला नव्हता. पोळ्यानंतर एका सकाळी मनसाराम झोपेतून उठला तो उजवा हात अंथरुणावरच विसरून आल्यासारखा. तेव्हापासून बंगल्याचा सगळा स्वैपाक चंदाबाई करी, आणि खानसामा मनसाराम पांढरा कोट चढवून डाव्या हातानं ताटली तेवढी नेऊन ठेवी. चौकीदार इसरूला हे माहीत होतं, पण तो भला माणूस, तोंडाला कुलूप लावून होता. आल्यागेल्यांना जेवणाशी मतलब, खानसाम्याच्या हाताकडे बघतो कोण? मात्र एकदा का हे उघडं पडलं की नोकरी जाणार, आणि नोकरीमागोमाग बंगल्यामागची खोली. पदरी मूलबाळ नाही. गावाकडे तलावाच्या मासळीवर दिराचंच कसंबसं भागत होतं, तिथं आणखी दोन तोंडं कुठं नेणार?

कोंबडीचा रस्सा हा चंदाबाईच्या हातचा मळ होता, पण पाय तिनं जन्मात केला नव्हता.

सकाळी मनसाराम चुलीजवळ स्टुलावर बसला आणि हुकूम सोडू लागला. रात्रभर भिजवलेले आलुबुखारे तिनं शिजवले, बिया काढल्या, साखर आणि लिंबू घालून गर घोटला. मैद्यात लोणी चोळून पारी लाटली, ती पत्र्याच्या थाळीत बसवून भाजून घेतली. इथवर सगळं सुरळीत होतं.

"आता आंड्याचं पांढरं," मनसाराम म्हणाला. "पिवळं जराबी नोको पडू देऊ. फेटाले लागली का थांबू नोको. कापसावानी व्हाले पायजे. भांडं उलटं केलं तरी खाली नाई पडाले पायजे."

चंदाबाईनं अंडी हातावर फोडली, पांढरं बोटांमधून गाळून पितळेच्या भांड्यात घेतलं आणि काट्यानं फेटायला बसली. फेटते आहे, फेटते आहे, खांदा भरून आला, आणि भांड्यात नुसतं फेसकट पाणी! मनसाराम अर्धवट उठे, पुन्हा बसे. त्याचा डावा हात हवेतच फिरत होता.

"काऊन येऊन नाई राह्यलं?" तो खेकसला. "मी असतो तं एवढ्यात..."

"तुमी असते तं मी काऊन मरत व्हती इथी!" चंदाबाईनं काटा आदळला. बोलून गेली आणि लगेच तिला जीभ चावावीशी वाटली.

मनसारामानं भांडं ओढून खिडकीच्या उजेडात धरलं. पाण्यावर बारीक, चकाकणारे ठिपके तरंगत होते. त्यानं आधी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"चंदा, हात धुतले व्हते?"

"धुतले ना."

"राखेनं?"

चंदाबाईचा हात तोंडावर गेला. वैदूनं सांगितल्यापासून ती रोज पहाटे मोहाच्या बियांचं कोमट तेल त्याच्या हाताला चोळत असे. आज तर देवाचं नाव घेत नेहमीपेक्षा जास्तच चोळलं होतं, निदान आजच्यापुरतं बोट तरी हलावं म्हणून. ते तेल तिच्या बोटांच्या रेघांत, नखांत मुरलं होतं. तेलाचा थेंब लागला की पांढरं फुगत नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं?

"म्हंजे मीच घात केला," ती म्हणाली.

"रडू नोको. आंडे हायेत का?"

उरलीसुरली अंडी होती. चंदाबाईनं राखेनं, चिंचेनं, गरम पाण्यानं कोपरापर्यंत हात घासले, भांडं घासलं, आणि पुन्हा बसली. या खेपेला पांढरं फुगलं. असं फुगलं की भांड्यात मावेना. मनसारामानं भांडं तिच्या डोक्यावर उलटं धरलं, तरी काही पडलं नाही. दोघं हसली. पोळ्यानंतर तो पहिल्यांदाच हसत होता. गरात तो फेस हलक्या हातानं मिसळून तिनं पारीत भरला, आणि खालीवर निखारे ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात पाय भाजला.

दुपारी दाराआडून तिनं पाहिलं. साहेबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "अगदी तोच!" चंदाबाईच्या जिवात जीव आला.

आणि बाईसाहेब उठून मनसारामाच्या मागोमाग थेट स्वैपाकघरात आल्या. हसऱ्या, साध्या बाई.

"मनसाराम, माझं पांढरं मेलं कधी फुगतच नाही. मला जरा फेटून दाखव ना."

"बघच तू," मागून आलेले साहेब कौतुकानं म्हणाले, "याचा हात भिंगरीसारखा चालतो."

"आंडे सरले जी," चंदाबाई घाईघाईनं म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"आमच्या गाडीत आहेत की!"

इसरूला अंडी आणावीच लागली. "बाईसाहेब, मी दाखवू का?" चंदाबाईनं विचारलं. "अगं, मला याचा हात बघायचाय," बाईसाहेब म्हणाल्या. रागावून कुणी बोललं असतं तर पाय तरी धरता आले असते. इथं सगळे हसत होते.

मनसारामानं भांडं टेबलाच्या कडेशी पोटानं दाबून धरलं, डाव्या हातात काटा घेतला. दोनदा फिरवला. भांडं निसटलं, पांढरं कोटावर ओघळलं, जमिनीवर सांडलं. ते सावरायला त्याचा उजवा हात आलाच नाही, आणि साहेबांनी ते पाहिलं.

"केव्हापासून?"

"पोळ्यापासून जी."

चंदाबाईनं हात जोडले. "साहेब, सारं मीच करीन. याइचं नाव तेवढं राहू द्या."

"बाई, तसं नाही चालत गं," साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांनी मनसारामाच्या खांद्यावर हात ठेवला. "खूप केलंस. आता आराम कर. चांद्याच्या कचेरीत सांगतो, ते दुसरा माणूस पाठवतील."

मनसाराम कमरेत वाकला. "जी साहेब. मेहेरबानी."

चंदाबाईनं बाकी सगळं सोसलं असतं, पण ती मेहेरबानी तिला सोसवेना. कुणावर तरी ओरडावं असं फार वाटलं. पण ओरडायचं कुणावर? वाईट कुणीच नव्हतं.

बाईसाहेबांचे डोळे भरून आले होते. जाता जाता त्या म्हणाल्या, "उरलेला पाय बांधून दे हं. रस्त्यात खाऊ. इतका सुंदर झालाय."

चंदाबाईनं तो पळसाच्या पानांत गुंडाळला, वरून दोरी बांधली, आणि मोडू नये म्हणून दोन्ही हातांवर धरून गाडीत नेऊन ठेवला.