बिनफुलांच्या गाई

घंटा ऐकू येईनात, तेव्हापासूनच नोटबुर्गाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं होतं.

सकाळपासून ती अंगणात कोबी किसत बसली होती. गड्डा किसणीवरून सरसर फिरवायचा, कीस पिंपात लोटायचा, वर मूठभर मीठ टाकायचं आणि पाणी सुटेपर्यंत लाकडी ठोकळ्याने चेचायचं. हिवाळाभर पुरेल एवढा कोबी आंबायला घालायचा तर हात थांबवून भागत नाही. पण आज तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. उन्हाळाभर वरच्या कुरणावर राहिलेल्या गाई आज खाली उतरायच्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर तिची लेक आफ्रा. पोरीसाठी तळलेले गोड वडे परातीत फडक्याखाली झाकून ठेवले होते. शेजारपाजारचे लोक नेहमीप्रमाणे कुंपणाशी येऊन उभे होते.

"या वेळी तुमच्याच गाई भाव खाणार, बघ," शेजारची रोझिना म्हणाली. "गेली दोन-तीन वर्षं तुमच्यासारखे मुकुट कुणाचेच नसतात. आफ्राच्या हातात जादू आहे गं!"

नोटबुर्गा वरवर "असू दे, असू दे" म्हणाली, पण मनातून सुखावली. गाईंच्या डोक्यावरचे ते मुकुट म्हणजे काही साधं काम नव्हे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढायच्या, त्या रंगवायच्या, एकेक पट्टी बोटावर वळवून तिचं फूल करायचं आणि अशी शेकडो फुलं फांद्यांच्या सांगाड्यावर बांधायची. उन्हाळ्याच्या शेवटी वर झोपडीत बसून पोरी तेच करत असतात.

सासूबाई भिंतीला टेकून बाकावर बसल्या होत्या. म्हातारीचं नाव क्रेसेन्स. मांडीवर टोपलं घेऊन ती सफरचंदाच्या चकत्या वाळवणासाठी दोऱ्यात ओवत होती. 

"अजून कशा नाही आल्या?" रोझिनाने मान उंचावली. "एवढ्यात खणखणाट कानावर यायला हवा होता."

आणि तेवढ्यात वळणावर पहिली गाय दिसली.

तिच्या डोक्यावर काही नव्हतं. नुसती शिंगं. मागची गायही तशीच, तिच्या मागचीही. गळ्यांत घंटा होत्या, पण आत गवत कोंबून त्यांचा आवाज बंद केलेला. सगळा कळप खुरांचा तेवढा आवाज करत, मुकाट रस्त्याने येत होता.

 कुंपणाशी उभ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. गाई अशा उतरल्या की काय समजायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वर्ष निर्धोक पार पडलं तरच मुकुट चढतात. वर जनावर दगावलं किंवा घरातलं माणूस गेलं, तर नाही.

नोटबुर्गाच्या हातातली किसणी खाली पडली. ती धावतच फाटकाशी गेली. गाई मोजायचं भानही तिला राहिलं नाही. ती फक्त लेकीला शोधत होती. आफ्रा कळपाच्या मागून येत होती. धडधाकट, आपल्या पायांनी. चेहरा तेवढा राखेसारखा. तिच्याबरोबर म्हातारा झिक्स्ट, दरवर्षी उतरणीला मदत करणारा. तोही ठीक. मग तिने गाई पाहिल्या. काळी होती, पांढऱ्या तोंडाची होती, लंगडी होती. वासरंसुद्धा सगळी.

"कोण गेलं?" तिने विचारलं. आवाज फाटला. "आफ्रा, अगं सगळी तर आहेत! मग कोण गेलं?"

आफ्राने तोंड उघडलं, पण उत्तर आलं ते मागून. बाकावरून.

"कास्पार गेला," म्हातारी म्हणाली. "माझा कास्पार गेला."

टोपलं मांडीवरून घरंगळलं आणि सफरचंदाच्या चकत्या अंगणभर झाल्या. त्या उचलायला कुणीच वाकलं नाही.

कास्पार म्हणजे नोटबुर्गाचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. त्याचं नाव या घरात नऊ वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. आणि आज सासूने ते साऱ्या गावासमोर घेतलं. तेही आफ्राने एक शब्द बोलायच्या आत.

"तुम्हाला काय ठाऊक?" नोटबुर्गा गर्रकन वळली. "सासूबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाकी सगळे तर समोर आहेत."

आफ्राने मान खाली घातली. "आजी म्हणते ते खरं आहे, आई. सोमवारी गेले बाबा. वर, आपल्याच कुरणावर."

आपल्याच कुरणावर. हे दोन शब्द नोटबुर्गाच्या कानात शिरले, पण डोक्यात काही जाईनात. रोझिनाने तिचा दंड धरला होता, तिने तो झटकला. मग ती जे बोलली त्याचं गावाला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. ती म्हणाली, "गाई तुंबल्या असतील. आधी धारा काढू."

गोठ्यात, गाईच्या पोटाला कपाळ टेकवून धार काढता काढता, तिने पलीकडच्या गाईखाली बसलेल्या लेकीकडून सगळं काढून घेतलं. कास्पार सीमेपलीकडे ऑस्ट्रियात एका सुताराकडे काम करत होता. खिंड ओलांडली की तिथून त्यांचं कुरण अर्ध्या दिवसाच्या चालीवर. गेले तीन उन्हाळे तो येत होता. कुंपण दुरुस्त करायचा, लाकडं फोडायचा, छपराच्या फळ्या बदलायचा. या वेळी बर्फ पडायच्या आत कुंपणाचे दांडे उतरवून ठेवतो म्हणून आला होता. आफ्रा त्याला जेवायला हाक मारायला गेली, तर तो दांड्यांच्या ढिगाला टेकून बसला होता. हाकेला ओ दिली नाही. पलीकडच्या कुरणावरच्या गड्यांनी त्याला खिंडीतून सुताराच्या गावी नेलं. उद्या सकाळी दफन होतं.

"आणि मुकुट?" नोटबुर्गाने मध्येच विचारलं.

"काय मुकुट?"

"गेल्या वर्षीचे. त्याच्या आधीचे. ती फुलं कुणी वळली होती?"

पलीकडच्या बादलीतला धारेचा आवाज थांबला. "बाबांनी," आफ्रा म्हणाली. "मला अजून तेवढी चांगली जमत नाहीत."

 ते मुकुट नोटबुर्गाने आपल्या हातांनी खुंटीवर टांगले होते. आल्यागेल्याला दाखवले होते. लग्नाआधी कास्पारने वळून दिलेलं तसलंच फूल तिने वर्षभर टोपीला लावून मिरवलं होतं, आणि तरी तिला ओळखू आलं नाही.

ती बादली घेऊन घरात आली तेव्हा म्हातारी चुलीपाशी बसली होती. समोरच्या टेबलावर लोकरीचे पायमोजे. नवे, जाड, पुरुषी मापाचे.

"हे चर्चच्या जत्रेसाठी विणताय म्हणाला होतात," नोटबुर्गा म्हणाली.

"म्हणाले होते."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. आफ्रा वर न्यायची. त्याचे पाय फार गार पडतात गं, लहानपणापासून."

"माझ्या घरात राहून!" नोटबुर्गा किंचाळलीच. "मी तुम्हाला भरवते, तुमचे केस विंचरते, आणि तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे... मी काय परकी होते?"

"तू परकी नव्हतीस, बुर्गल," म्हातारी तिला लाडाच्या नावाने हाक मारत शांतपणे म्हणाली. "तू चिडलेली होतीस. मी म्हातारी बाई. मला सूनही हवी होती आणि पोरगाही. तुला सांगितलं असतं तर दोघांतलं एक गेलं असतं."

 नोटबुर्गाने हातातली बादली खाली ठेवली.

तेवढ्यात लोक यायला लागले. कुणी पाव घेऊन, कुणी मेणबत्ती. एकेक जण तिचा हात हातात घेऊन "देवाची मर्जी" म्हणत होता. नऊ वर्षं ती धड सवाष्ण नव्हती, धड विधवा नव्हती. कास्पार कुणा बाईबरोबर पळाला असं गाव म्हणायचं. तिने ते कधी खोडून काढलं नाही, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं हे होतं की त्या वर्षी कास्पारने ओलसर गवत कोठारात भरलं. पाऊस येईल म्हणून घाई केली. गवत आतल्या आत तापलं आणि कोठार पेटलं. आत दोन गाई होत्या. जळत्या कोठारासमोर, बादल्या घेऊन धावणाऱ्या माणसांच्या गोंगाटात, ती नवऱ्यावर ओरडली, "तोंड दाखवू नकोस मला पुन्हा!" रागाच्या भरात बाई काय वाट्टेल ते बोलते. रात्रीच्या जेवणाला तिने त्याचंही ताट मांडलं होतं. तो आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग तिचा राग परत पेटला तो विझलाच नाही.

"उद्या मला तिकडे ने," सगळे गेल्यावर म्हातारी म्हणाली.

"झिक्स्ट नेईल जीपमधून. मी येणार नाही."

"बरं."

पण पहाटे म्हातारीला काळा झगा घालताना नोटबुर्गाच्या लक्षात आलं की हिच्या बुटाच्या नाड्या बांधायलाही दुसरं माणूस लागतं. तिने नाड्या बांधल्या, उठली, खुंटीवरचा काळा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसली. 

दफनाला मोजकीच माणसं होती. ती आत जाताना नजरेने एक बाई शोधत होती. नऊ वर्षांत तिच्याही मनात त्या बाईने कधीचं घर केलं होतं. तिचा चेहरा, तिचे कपडे, सगळं तिने कल्पून ठेवलं होतं. कबरीशी उभा होता एक कुबड आलेला सुतार, त्याचे दोन कामगार आणि पाद्री.

"आपण कोण?" सुताराने टोपी काढत विचारलं.

"बायको," ती म्हणाली. हा शब्द तोंडातून इतका मोठ्याने निघाला की पाद्र्यानेही वळून पाहिलं.

 सुतार म्हणाला, "आलात ते बरं केलंत. मी त्याला किती वेळा म्हटलं, वरचा मजला रिकामा आहे, कायमचा राहा, एखादी बघून लग्न कर. तर म्हणायचा, माझं घर आहे. बोलावलं की जायचंय."

"कुणी बोलावलं की?"

सुतार गोंधळला. "तुम्हीच ना?"

माती पडली. म्हातारीने मुठीने टाकली, आफ्राने टाकली. नोटबुर्गाच्या मुठीतली माती तिथेच राहिली. शेवटी झिक्स्टने हळूच तिची बोटं सोडवली.

नंतर सुताराच्या घरी सूप प्यायला सगळे आत गेले. ती दफनभूमीच्या भिंतीवर बसून राहिली. आफ्रा तिच्यापाशी आली.

"तुला ठाऊक होतं? तो बोलावण्याची वाट बघत होता ते?"

"दर वेळी विचारायचे. 'आई काही म्हणाली का?' मी काय सांगणार?"

"मला का नाही सांगितलंस?" नोटबुर्गाने लेकीचे खांदे धरले. "अगं, एकदा, एकदा तरी सांगायचं होतंस!"

"तूच म्हणाली होतीस, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. मी बारा वर्षांची होते, आई. मला वाटलं, काढलं तर मलाही जावं लागेल."

नोटबुर्गाने लेकीचे खांदे सोडले. तिने हे कधी म्हटलं होतं? म्हटलं असणार. तिने काय काय म्हटलं होतं, आणि या सगळ्यांनी ते अक्षर न अक्षर पाळलं होतं. तिने स्वतः सोडून सगळ्यांनी. तिने तर त्याच रात्री त्याचं ताट मांडलं होतं.  

मग ती सरकली आणि भिंतीवर लेकीला जागा करून दिली.

"बस. आणि सांग."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यांदा आला तिथपासून. काय घातलं होतं, काय म्हणाला, काय खाल्लं."

आफ्राने नाक पुसलं. "पाऊस होता खूप. मी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, डोक्यावरून पोतं घेतलेलं. मला वाटलं चोर. मी काठी उगारली."

"मारलीस?"

"एक बसली. इथे, खांद्यावर. तर म्हणाले, 'अगदी आईवर गेलीस गं.'"

नोटबुर्गाच्या घशातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की रडू, तिचं तिलाही कळलं नाही. तिने तोंडावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने लेकीला खूण केली, पुढे बोल म्हणून.