‘ए’च्या शेजारची माझी कळ

मित्रांनो, मी एक जुना कळफलक आहे. माझ्यावरची अक्षरं पुसली गेली आहेत, पण १९८८ साली बेळगावजवळच्या वडगावात, विणकरांच्या मागांच्या गल्लीतल्या भावकू मास्तरांच्या टायपिंग क्लासात पहिला संगणक आला, तेव्हा त्याच्यापुढे मीच बसलो होतो. बाकीचे टाइपरायटर माझ्याकडे वाकड्या नजरेने बघत. बघू देत. त्यांच्याकडे नसलेली कंट्रोल नावाची कळ माझ्याकडे होती, ‘ए’च्या अगदी शेजारी, डाव्या करंगळीखाली. ती दाबून धरायची, ‘के’ आणि मग ‘एस’ दाबायचं, की लिहिलेलं जपून ठेवलं जाई.

मनुबाई क्लासात आली तेव्हा तिच्या घरचा माग नुकताच विकला गेला होता. जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात संगणकावर काम करणाऱ्या टायपिस्टची एकच जागा होती आणि परीक्षेला तीन आठवडे उरले होते. ती जागा हुकली तर तिच्या थोरल्या मुलीची शाळा सुटणार होती. टाइपरायटरवर मनुबाईचा हात चांगला बसलेला. पहिल्याच दिवशी तिने माझ्यावर दोन पानी पत्र बिनचूक उतरवलं आणि लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा पडदा कोरा होता.

“जपून ठेवलं न्हाईस, आक्का,” मास्तर म्हणाले.

“मागावर लाईट गेली तर इणल्यालं कापड उसवतंय व्हय, मास्तर?”

मला हसू आलं, पण तिचं तरी काय चुकलं? आजवर तिने केलेलं काम केल्या जागी राहिलं होतं. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून बसली. साडीच्या रिकाम्या खोक्यावर माझ्या सगळ्या कळा शाईने काढून घरी नेल्या आणि त्यावर बोटं घोटली. शेवटी दर दोन ओळींनी तिची करंगळी आपसूक माझ्या कंट्रोलवर येऊ लागली. मी फुशारून गेलो.

कारखान्याचा संगणक अजून यायचा होता, म्हणून परीक्षा आमच्याच क्लासात ठरली. परीक्षेच्या सकाळीच माझी ‘के’ रुतली. मागांवरून उडणारी सुताची धूळ माझ्यात साचली होती. कुणी माझ्यावर कधी फडकं घातलंच नव्हतं. मास्तरांनी धावतपळत बेळगावातून नवा कळफलक आणला आणि मला कपाटावर ठेवलं. नव्याची कंट्रोल खाली कोपऱ्यात होती. ‘ए’च्या शेजारी मोठ्या अक्षरांची, कॅप्स लॉक नावाची कळ होती.

दोन ओळी झाल्या, करंगळी सवयीने ‘ए’च्या शेजारी गेली आणि पत्रातच मोठ्या अक्षरांत ‘केएस’ उमटलं.

“साहेब, हिला उलीसा वेळ द्या. फळी नवी हाय,” मास्तर म्हणाले.

“वेळ सगळ्यांना सारखाच,” कारखान्याचे साहेब म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर. बोटाला नवी जागा दावते,” मनुबाई म्हणाली.

तिने ती दोन अक्षरं खोडली. मग दर दोन ओळींनी थांबून, खाली बघून ती करंगळी कोपऱ्यात नेऊ लागली. दोनदा बोट जुन्या जागी वळलं. दोन्ही वेळा तिने ते मागे ओढलं. माझा जीव वर टांगला होता. वेळ संपला तेव्हा तिचं पत्र पुरं झालं होतं आणि जपूनही ठेवलं होतं. जागा तिलाच मिळाली.

खरं सांगतो, मित्रांनो, मी रुसलो होतो. माझ्यावर शिकली आणि माझ्याशिवाय जिंकली, हे मला खुपलं. पुढच्या रविवारी ती आपली जाऊ यल्लव्वा हिला घेऊन आली. मला खाली उतरवून तिने ‘के’ उचकटली आणि सुईने आतलं सूत काढलं. “बस गं. करंगळी हितं ठेव,” ती यल्लव्वाला म्हणाली. “पुढं जागा बदलली तर बोटबी बदलंल.”

तेव्हा माझा रुसवा गेला. मित्रांनो, काम झालं की आमच्यावर एक फडकं घालत जा. एवढं केलंत तर अजून कितीतरी जणींना मी शिकवीन.