झाकणाखालचा मणी

थोरला गेला तेव्हा वर येणारा एकुलता एक रस्ता दरडीखाली होता आणि त्याची लेक दरडीच्या पलीकडे. निघतेच आहे, मी येईपर्यंत बाबांना स्मशानात नेऊ नका, एवढं तिने फोनवर सांगितलं. मग थोड्या वेळाने पुन्हा फोन करून म्हणाली की त्यांचा अंगुस्ताना बाजूला काढून ठेवा, तो त्यांच्या बोटात मीच घालीन.

थोरला शिंपी होता. लेकीला सुई धरायला शिकवली तेव्हा त्याने सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचा आपला पितळी अंगुस्ताना तिच्या बोटात घातला होता आणि तो सैल होऊन पडू नये म्हणून तिचं बोट स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं होतं. पुढे लग्नावरून बापलेकीत बिनसलं. बोलणं पुन्हा सुरू झालं ते दवाखान्यातल्या फोनवर, तेही त्याचा आवाज जायच्या बेताला आल्यावर. म्हणून लेकीला आता हवा होता तो त्याचा हात.

इथल्या लहानशा दवाखान्यात मृतदेह ठेवायची सोय नव्हती. ती शहरात, म्हणजे पुन्हा दरडीपलीकडेच. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आपला आइस्क्रीमचा आडवा फ्रीज रिकामा करून दिला. तोंडाने फटकळ माणूस, पण फ्रीज वर थोरल्याच्या शिलाईच्या खोलीत चढवताना तोच सगळ्यांच्या पुढे होता. परत आणू नका म्हणाला, आता त्यातलं आइस्क्रीम माझ्याच घशाखाली उतरायचं नाही.

पण आइस्क्रीमचा फ्रीज तो. त्याला गोठवणं तेवढं कळतं, नुसतं गार ठेवणं कळत नाही. धाकट्या भावाने सांगितलं की त्याला लगाम घालायचं माझ्याकडे लागलं. धाकट्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान थोरल्याच्या शिलाईच्या खोलीला लागूनच होतं. दिवसभर तो कथील वितळवून तारा जोडत, तारांना डाग देत बसायचा, म्हणून थोरला त्याला 'डागवाला' म्हणायचा. लोक डाग काढायला पैसे मोजतात नि हा पैसे घेऊन डाग देतो, हा त्याचा जुनाच विनोद. आता तो करणारं कोणी उरलं नव्हतं.

जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर, एक रिले आणि दोन बारीक तारांच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढा मणी. मण्याला ऊब लागली की रिलेने टक् करून फ्रीज चालू करायचा, मणी गार झाला की बंद. खोकं म्हणून धाकट्याने थोरल्याचाच बटणांचा डबा घेतला. गार पाण्याच्या पेल्यात मणी आणि शेजारी काचेचा तापमापक बुडवून, बर्फाचे तुकडे टाकत, डब्याला बसवलेलं फिरतं बटण केसाएवढं इकडे केसाएवढं तिकडे फिरवत त्याने खूण ठरवली. पाणी गोठू नये, आणि माणूस बिघडू नये.

मणी बसवायचा तो तळाशी, पाठीच्या अगदी जवळ. गारवा खाली साचतो, हे त्याला काही कोणी सांगायला नको होतं. तार घेऊन तो वाकला, तेवढ्यात वहिनीने त्याचं मनगट धरलं. दवाखान्यात थोरल्याच्या नाकात, छातीवर, दोन्ही हातांवर नळ्या नि तारा होत्या. शुद्ध होती तोवर तो त्या ओढत राहिला. आता एकही लावू देणार नाही, असं तिने त्याच्या कानाशी लागून सांगितलं होतं, आणि मगच तो शांत झाला होता.

"भाऊजी, यांच्या अंगाजवळ तार नको. मी शब्द दिलाय."

लग्न होऊन आल्यापासून वहिनीने त्याच्या कुठल्याही गोष्टीला 'नको' म्हटलं नव्हतं. त्याने समजावून सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं. पण त्याची जीभ उचलली नाही. थोडाफार फरक पडेल, सांभाळून घेऊ, असं मनाशी म्हणत त्याने मणी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून टाकला.

वहिनी फ्रीजशेजारी स्टुलावर देवाचं नाव घेत बसली. मधूनच उठायची, झाकण उचलायची, पांढरी चादर जराशी सारून बघायची, पुन्हा बसायची. भिंतीपलीकडे धाकट्याच्या कानांना फ्रीजची घरघर जास्तच वेळ ऐकू यायला लागली. झाकण एवढ्यांदा उघडू नका, असं सांगायला म्हणून तो आत गेला. वहिनीच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदाच थोडी शांती होती.

"मी झाकण उचलून बघितलं ना, की हे टक् करतात," ती हळूच म्हणाली. "मशीनच्या फळीवर अंगुस्ताना आपटायचे बघा, ऐकतोय म्हणून. तस्सं."

धाकट्याला ते टक् कुठलं, ते कळलं. झाकण उघडलं की खोलीची ऊब मण्याला लागत होती, रिले ओढला जात होता आणि खाली, जिथे मोजायला काही नव्हतं, तिथे थंडी ओतली जात होती. हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने बटण थोडं उलटं फिरवलं. तापमापक त्याच्या खिशातच होता. तळाशी घातला असता तर सगळं समजलं असतं. त्याचा हात चादरीच्या काठापर्यंत गेला आणि मागे आला. दादाला हात लावायचा धीर त्याला होईना.

लेक दरड ओलांडून चालत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात. आईच्या गळ्यात पडली, मग डोळे पुसून अंगुस्ताना मागून घेतला आणि झाकण उचललं. टक् झालं, घरघर सुरू झाली.

बापाच्या भुवयांवर पांढरी बारीक भुकटी होती. लेकीने चादरीखालून त्याचा हात धरला, पण तो उचलला जाईना, मूठ उघडेना. अंगुस्ताना बोटाच्या पेरावर टेकून खणकला आणि खाली पडला.

"काका, तू फोनवर म्हणालास नुसतं गार ठेवतोय."

धाकट्याने पुढे होऊन प्लग आणि डब्याची तार, दोन्ही उपसून काढलं. घरघर थांबली. माझं मोजमाप चुकलं, एवढंच तो म्हणाला. लेकीने त्याच्याकडे जे पाहिलं, ते त्याने खाली मान घालून सोसलं.

वहिनी पुढे आली. तिने झाकण मिटलं, जरा थांबली आणि पुन्हा उचललं. कान देऊन उभी राहिली. फ्रीज मुका होता. मग तिची नजर झाकणाच्या आतल्या मण्यावरून तारेला धरून धाकट्याच्या हातातल्या प्लगपर्यंत हळूहळू आली.

"ते टक् तुमच्या डब्याचं होतं."

"हो, वहिनी."

"मी उघडत होते म्हणून—"

"नाही. जोडणीच कच्ची होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने दिलेला डाग कधी सुटला नव्हता, हे तिच्या घरातल्या इस्त्रीपासून रेडिओपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"असेल," ती म्हणाली, आणि वाकून जमिनीवरचा अंगुस्ताना उचलून तिने लेकीच्या हातात दिला.

लेकीने बापाची मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली. तिच्या बोटांमधून पाणी निथळून चादरीवर पडत होतं. वहिनीने स्टूल लेकीकडे सरकवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. देवाचं नाव घ्यायला तिने ओठ उघडले, पण ते आलं नाही. धाकटा दारात तसाच प्लग धरून उभा होता. मूठ अजून सुटली नव्हती.