नावाच्या जागी टिंबं

विश्रांतवाडीच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयातून इंग्रजीत काहीही बाहेर जायचं असलं, की ते आधी मंदाकिनी केळकरबाईंच्या टेबलावर यायचं. पाण्याच्या टाकीची तक्रार असो, नाहीतर संस्थेला अहवाल. माणसाबद्दलचं पत्र असेल तर नावाच्या जागी टिंबं टाकून आणायचं, ही रीत बाईंनीच पाडलेली. "मी भाषा तपासते, भानगडी नाही," असं त्या ठणकावून सांगायच्या. हा सज्जनपणा सगळ्यांना पटला होता, आणि बाईंना जरा जास्तच.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी बोलायला कोणी नव्हतं, पण बारावीचे दोन वर्ग होते. ते हातात आहेत तोवर आपण आहोत, असं बाईंचं साधं गणित होतं.

मार्चमध्ये अपूर्वा असंच एक पत्र घेऊन आली. अपूर्वा बाईंची विद्यार्थिनी. बाईंनीच शब्द टाकून तिला इथं नोकरीला लावलं होतं, आणि ती पर्यवेक्षक झाली तेव्हा पेढेही बाईंनीच वाटले होते.

"बाई, जरा बघता? संस्थेला आजच पाठवायचंय."

अमुक शिक्षकांची पद्धत जुनी झाली आहे, त्यांच्याकडचे बारावीचे वर्ग काढून घ्यावेत असं मला वाटतं, असा एकंदर मजकूर होता.

बाईंना हसू आलं. हे दिगंबर सर, दुसरं कोण? गणित शिकवताना मुलांकडे पाठ करून फळ्याशी गप्पा मारणारा माणूस! बावीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून चहा प्यायलेले हे सर. त्यांच्यासाठी एक शब्द बोलायला काय जात होतं? पण बाईंनी लाल पेन उघडलं.

"अगं, 'आय थिंक' काय लिहितेस? उद्या सगळे तुझ्याकडे बोट दाखवतील. 'इट इज रेकमेंडेड दॅट द क्लासेस शुड बी रीअसाइन्ड.' वर्ग दुसऱ्याकडे दिले जावेत, अशी शिफारस करण्यात येते. कोण करतंय, ते गुलदस्त्यात. अकरावीत शिकवलं होतं ना तुला?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणलं," अपूर्वा म्हणाली. ती पेनाकडेच बघत होती.

"आणि जूनपासूनच म्हणून घाल. नाहीतर संस्था वर्षभर झोपते."

जूनमध्ये शिपायानं बाईंच्या हातात लखोटा दिला. आत त्यांचंच वाक्य होतं, आणि टिंबांच्या जागी त्यांचं नाव. यापुढे त्यांनी परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सांभाळायचे होते.

त्या तडक अपूर्वाच्या खोलीत गेल्या.

"केसानं गळा कापलास गं! माझ्याच हातून?"

अपूर्वानं खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"बाई, त्या दिवशी मी सांगायचं ठरवूनच आले होते. वाटलं, तुम्ही विचाराल, कोणाबद्दल आहे म्हणून. तुम्ही हसलात. मग मला सांगवेना."

"आणि पाठववलं बरं!"

अपूर्वानं समोरची फाइल उघडली. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली मुलगी पान उलटत होती.

स्टाफरूममध्ये बातमी आधीच पोहोचली होती. दिगंबर सर हातात कागद घेऊन वाटच बघत होते. संस्थेला विरोधाचं पत्र, मराठीत, खाली पहिली सही त्यांची.

"अहो सर, कशाला? तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे. माझे वर्ग काढले असते, तर तुम्ही गप्प बसला असतात का?"

बाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडू लागल्या. वर्ग गेले म्हणून रडताहेत, असं समजून सर त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले.