फाटकावरची लाल अक्षरं

मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे, मित्रांनो. सध्या एका छोट्या दवाखान्यामागं, वापरायच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पालथा पडलो आहे. तोंड खाली आहे तेच बरं. वर करायची मला लाज वाटते.

हा दवाखाना नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या अलीकडे. मला रंगवणारा करण पेंटर मोठा हौशी. "लांबून दिसलं पायजे," म्हणाला आणि हातभर लाल अक्षरांत लिहिलं, 'गुप्तरोग तपासणी मोफत'. रोग म्हणे गुप्त आणि अक्षरं धावत्या एसटीतून वाचता येतील एवढी! मला फाटकावर टांगलं, अगदी एसटीच्या थांब्यासमोर. नारळ फोडला, फोटो काढले. मी नुसता फुगून गेलो.

पण माझ्याखाली कोणी थांबेना. ट्रकवाले माझ्याकडे बघून टपरीवर चहा पीत आणि निघून जात. बायका पदर ओढून झपाझप पुढं जात. मला वाटे, लोकच अडाणी.

शेवटी आतल्या रेबेका सिस्टर स्वतःच रक्त तपासायच्या सामानाची पिशवी घेऊन ट्रक थांबतात तिथं जाऊ लागल्या. रविराज नावाच्या ड्रायव्हरच्या रक्तात गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, निघाला. त्याला इंजेक्शन देऊन सिस्टरांनी बजावलं, "बायको पोटुशी आहे ना? मग तिला लवकर पाठव. पोटातल्या बाळालाही लागण होते. वेळेत सुई घेतली तर बाळाला वाचवता येतं."

त्याची बायको सुकन्या दोनदा फाटकापर्यंत आली, माझ्याकडे बघून परत फिरली. तिसऱ्यांदा पाय आत टाकलाच होता, तोच थांब्यावरून तिच्या गावच्या रंगुबाईंनी हाळी दिली, "अगं ए सुकन्या! त्या दारात काय करतीस गं?"

थांब्यावरची सगळी माणसं वळली. त्यांनी आधी मला वाचलं, मग तिला पाहिलं.

"काय न्हाई मावशी, पानी प्यायला आल्ते," ती म्हणाली आणि समोर आलेल्या एसटीत चढली. पाचवा महिना होता तिला. माणसं पळवून लावणारा मीच, हे मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

सिस्टरांनी हे खिडकीतून पाहिलं. स्टूल आणलं, पाना आणला आणि मला खाली उतरवलं. मग रविराजला फोन केला, "तिला उद्या यायला सांग. बोर्ड काढलाय."

आता फाटकावर काही नाही, आतल्या दारावर नुसतं 'खोली नंबर चार' लिहिलंय. शुगर, बीपी, लस, रक्त, सगळं त्याच दारात. सुकन्या आली. तिच्याही रक्तात रोग निघाला, पण सुया वेळेत मिळाल्या. मुलगी झाली, चांगली ठणठणीत!

परवा ती लेकीला लस द्यायला आली होती. टाकीवरून मला रांगेतलं बोलणं ऐकू येतं. तिच्या पाठीमागं रंगुबाई होत्या.

"मी आपली शुगर बघायला आलीय हां," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "दुसरं काय न्हाई."

"मी कुठं काय इचारलं मावशी?" सुकन्या म्हणाली. "जरा लेकीला धरता का?"

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. दवाखान्याच्या दारात ओळखीचं कोणी दिसलं, तर लांबून हाका मारू नका. त्याला आत जाऊ द्या.